ताज्या दुधाची डिग्री

एका बाईच्या दुधात पाणी आहे, असं मी चारचौघांत म्हणालो. त्या दुधात पाणी नव्हतं.

ही चूक माझी एकट्याची. तपासायची पद्धत बरोबर होती. ती छापलेल्या तक्त्यावर होती आणि तो तक्ता माझ्या डोक्यामागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला होता. मी त्यातल्या दोन ओळी गाळल्या, आणि गाळल्यात हे कुणाला कळू दिलं नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी रसायनशास्त्रात नापास झालो होतो. आमचं घर शहरात, मंगळवार पेठेत, वडील शाळामास्तर. मुलगा नापास झाल्याचं त्यांनी शेजारीपाजारी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मी दिवसभर घरात दिसू नये असं त्यांना वाटत असावं. उचगावच्या दूध संस्थेला टेस्टर पाहिजे म्हणून कळलं, तेव्हा त्यांनीच माझ्या सायकलीत हवा भरून ठेवली. पहाटे निघून राजारामपुरीतून, टेंबलाईच्या बाजूनं मी उचगाव गाठायचो. हात गारठलेले असायचे. पोचल्यावर आधी ते ॲसिडच्या बाटल्यांपासून लांब उभं राहून चोळायचे आणि मग कामाला लागायचं.

काम सोपं होतं. माणसं चरव्या, किटल्या घेऊन ओळीत उभी राहायची. मी दुधात लॅक्टोमीटर सोडायचा. ही एक काचेची नळी, बुडाशी वजन असलेली. दूध दाट असलं की ती वर तरंगते, पाणी घातलं की खाली जाते. तिच्या मानेवर जो आकडा दुधाला टेकेल ती डिग्री. ठरल्यापेक्षा डिग्री कमी लागली की दूध परत. फॅट, म्हणजे दुधातली स्निग्धता, ॲसिड घालून मोजावी लागे; ती मात्र रोज सगळ्यांची काढणं जमत नसे, ती पाळीपाळीनं काढायचो. त्यामुळे रोजचा न्याय त्या नळीचा, आणि नळी माझ्या हातात. बाविसाव्या वर्षी, नापास झालेल्या पोराच्या हातात गावाचा न्याय आला होता. माझी मान थोडी ताठ झाली होती, हे मी आता कबूल करतो.

संस्थेच्या पत्र्याच्या खोलीला लागूनच एक घर होतं. त्या घरातल्या बाईंना मी काकी म्हणायचो. नवरा-बायको दोघंच. एक मुलगी लग्न होऊन निपाणीकडं गेलेली, आणि दारात एकच म्हैस. पहिल्याच आठवड्यात मला कुडकुडताना बघून काकींनी चहा आणून दिला. मग तो रोजचाच झाला. पहाटेच धार काढून ठेवायच्या; मग माझा चहा, मग घरातली झाडलोट, आणि सगळी ओळ संपत आली की त्या आपली चरवी घेऊन सावकाश यायच्या. त्यांच्या दुधाची डिग्री कधी चुकली नाही. फॅट काढली की त्या वेगळ्या नळीतला पिवळा थर इतका मोठा दिसायचा, की मी तो दुसऱ्यांना दाखवायचो.

तेच बहुधा नको होतं.

"टेस्टर," एकदा ओळीतला एक जण म्हणाला, "चहाला कुणाचं दूध हाय?"

"काकींचं."

"मग फॅट लागणारच की! आमी बी उद्यापास्नं चहाच आणतो, दूध ऱ्हाऊ द्या."

सगळी ओळ हसली. दुसरा म्हणाला, "जावयासारखी बडदास्त हाय लेका. आमचं दूध वतून घ्यायचं नि सासूबाईंची वाट बघत बसायचं." मी हसण्यावारी नेलं, पण कान तापले. संस्थेचे सेक्रेटरीही तिथंच होते. त्यांनी माझ्या हातातल्या कपाकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी चहा नको म्हणालो. काकींनी कप खाली ठेवला. त्यांनीही ती चेष्टा आतून ऐकली होती. "बरं," म्हणाल्या, "लोकं बोलत्यात तर बोलू द्यात. पर माझ्यापायी तुला कशाला? उद्यापास्नं मीच पयल्यांदा येतो. मागनं आलो की बोलत्यात, फुडं आल्यावर काय बोलतील?"

आणि त्या पहिल्या येऊ लागल्या. धार काढायची आणि तशीच चरवी उचलून दहा पावलांवर माझ्यासमोर ठेवायची. वर फेस, चरवीच्या तोंडातून वाफ. थंडीचे दिवस होते. बाकीच्यांचं दूध मळ्यातून, वस्तीवरून येईपर्यंत गार पडलेलं असायचं. गावात सगळ्यांत ताजं दूध त्यांचं.

त्याच दिवसांत माझ्या हातून दुधाचं तापमान बघायचा थर्मामीटर फुटला. नळ्या धुवायला ठेवलेल्या कढत पाण्यात मी तो चुकून बुडवला आणि तडकला. त्याच महिन्यात माझ्या हातून आधी दोन नळ्या फुटल्या होत्या, आणि सेक्रेटरी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "टेस्टर, तुमी दूध तपासायला आलाय का काचा फोडायला?" ते परत ऐकायची माझी तयारी नव्हती. तुकडे मी कागदात गुंडाळून ओढ्यात टाकले. तक्त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, की काढलेलं दूध काही वेळ स्थिर ठेवावं, फेस बसू द्यावा, दूध हलक्या हातानं ढवळून त्याचं तापमान बघावं, मग डिग्री वाचावी आणि तापमानाप्रमाणे आकडा दुरुस्त करून घ्यावा. मी ढवळायचो. थांबणं ओळ मोठी म्हणून आधीच सुटलं होतं, आता तापमानही सुटलं. बोट दुधाला लावून मी अंदाज केल्यासारखं करायचो. लोकांना वाटायचं, हीही एक पद्धत असेल.

पहिल्या दिवशी काकींची डिग्री खाली लागली तेव्हा मी काही बोललो नाही. दूध ओतून घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मागच्यानं मान लांब करून नळी बघितली.

"किती लागली?"

मी सांगितलं नाही.

"आमची एवडी लागली असती तर दूध माघारी दिलं असतासा का न्हाय? सांगा की!"

इथं मी थांबू शकलो असतो. दूध बाजूला ठेवा, थोड्या वेळानं परत बघू, एवढं म्हणायला काय लागत होतं? फॅट काढून बघतो म्हटलं असतं तर त्यांचा तो पिवळा थर सगळ्यांना दिसला असता. पण त्या घटकेला मला दुधाचं पडलं नव्हतं. मी कुणाच्या चहाला मिंधा नाही हे दाखवायचं होतं. काकी समोर नसत्या, दुसरं कुणी असतं, तर मी कदाचित हळू आवाजात बोललो असतो. मी मोठ्यानं म्हणालो, "काकी, दुधात पाणी आहे. दूध परत न्या."

त्या हसल्या. त्यांना आधी ती चेष्टाच वाटली. मग म्हणाल्या, "आरं, आत्ता धार काढली. तुझ्या कानावर आवाज आला असंल की धारंचा."

"नळी खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी म्हणालो. कुणी शिकवलं नव्हतं मला.

त्यांनी चरवी उचलली. ओळ बाजूला सरकली, पण नेहमीसारखी नाही. बायकांनी पदर आवरून घेतले. म्हशीच्या दुधात पाणी घालणं ही आमच्याकडं चोरीच्याही खालची गोष्ट समजतात. चोर निदान दुसऱ्याच्या घरात शिरतो. दुधात पाणी घालणारा स्वतःच्या दावणीला बट्टा लावतो.

काकींचे मालक गावात भजनाला बसणारे, चार माणसांत मान असलेले. संध्याकाळी संस्थेत बैठक झाली. त्यांनी मला एकच विचारलं, "पोरा, तुझी खातरी हाय?" मी हो म्हणालो. मग ते बायकोकडं न बघता पंचांना म्हणाले, "हिला बेल-भंडारा उचलू द्या. देवाम्होरं सांगंल ते खरं."

काकींना हे अपेक्षित नव्हतं. गावानं शपथ मागितली असती तर त्या भांडल्या असत्या. ती नवऱ्यानं मागितली.

गावदेवाच्या देवळात सकाळी माणसं जमली. काकी न्हाऊन आल्या होत्या. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घेऊन त्या म्हणाल्या, "दुधात पानी घाटलं असंल तर माझ्या दावनीचं भलं हुनार न्हाय." एवढंच. मी दगडी खांबाला टेकून उभा होतो. लोक पांगताना म्हणाले, आता देव बघून घेईल. एक प्रकारे विषय मिटला होता. काकी परत दूध घालू लागल्या, पण आता त्या सगळ्यांच्या शेवटी यायच्या. डिग्री बरोबर लागायची. ओळीतले लोक एकमेकांना डोळ्यांनी खुणावायचे. शपथ घेतल्यावर सुधारली बघा.

थोड्याच दिवसांत आम्हा नव्या टेस्टर लोकांना दूध संघानं प्रशिक्षणाला बोलावलं. शिकवणारे गृहस्थ वयस्कर होते, पांढरा कोट, बोलणं हळू. त्यांनी नुकतंच काढलेलं दूध मागवलं, आमच्यासमोर डिग्री वाचली आणि फळ्यावर लिहिली. नंतर तेच भांडं झाकून खिडकीत ठेवलं आणि दुसरा विषय घेतला. दुपारी त्यांनी त्याच भांड्यात परत नळी सोडली. आकडा वर गेला होता.

"कुणी दूध बदललं का?" त्यांनी विचारलं. "नाही ना? दूध तेच आहे. उष्ण दूध हलकं असतं, त्यात धारेची हवा कोंडलेली असते, म्हणून नळी खाली जाते. ताज्या दुधाला लगेच डिग्री लावाल तर सगळं गाव चोर ठरवाल!"

वर्ग हसला. मला समोरचा फळा दिसेनासा झाला. फॅट पाण्याहूनही हलकी असते, ती जास्त असेल तर नळी आणखी थोडी खाली जाते, हेही ते पुढं म्हणाले. म्हणजे काकींच्या दुधाचा प्रत्येक गुण मी त्यांच्याविरुद्ध वापरला होता. ते ताजं होतं, भरपूर फॅटचं होतं, आणि माझी बदनामी टाळायला त्यांनी ते सगळ्यांच्या आधी आणलं होतं.

परत येताना सायकलवर मी ठरवलं होतं, की आधी सेक्रेटरींना सांगायचं. उचगाव जवळ आलं तसतसं मन दुसरं सांगू लागलं. आता मिटलंय ना? दूध चालू झालंय. उगाच उकरून काढलं तर काकींनाच त्रास. थर्मामीटरचंही निघेल. नोकरी गेली तर वडील काय म्हणतील? भित्र्या माणसाला कारणांची कमी पडत नाही. मी नवा थर्मामीटर मागून घेतला, जुना हरवला म्हणून सांगितलं, आणि त्या दिवसापासून प्रत्येक चरवी तक्त्याप्रमाणे तपासू लागलो. लोक म्हणाले, ट्रेनिंग घेऊन टेस्टर लई कडक झालाय.

मग काकींचं रेडकू मेलं. पोट फुगलं आणि रात्रीतून गेलं. तशी रेडकं मरतात. त्याच थंडीत गावात आणखी दोन मेली होती, त्यांचं कुणी नाव काढलं नाही. काकींच्या गोठ्याकडं मात्र माणसं बघायला गेली. "दावनीचं भलं हुनार न्हाय म्हनाली हुती न्हवं?" संस्थेच्या ओळीत माझ्यासमोर एक जण म्हणाला. "देवानं हिशेब केला." माझ्या हातात नळी होती. मला सगळं माहीत होतं. तोंड उघडायला याहून चांगली वेळ मला आयुष्यात कुणी दिली नसती. मी पुढच्याचं दूध ढवळायला घेतलं.

माझी खरी चूक ही. पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं.

काकींच्या मालकांनी त्याच आठवड्यात म्हैस विकली. दावण रिकामी झाली. पुढच्या वर्षी मी रसायनशास्त्राचा पेपर सोडवला, पास झालो, आणि शहरात एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत लागलो.

तिथं वाळू तपासायची, लोखंड तपासायचं. वाळूत ओल किती, भट्टीतून काढलेल्या पट्टीला ताण दिल्यावर ती कुठं तुटते. प्रत्येक तपासणीची ठरलेली रीत असते आणि मी त्या रीतीचा गुलाम म्हणून ओळखला जायचो. नमुना कुठून घेतला, कधी घेतला, किती वेळ ठेवला, हे विचारल्याशिवाय मी कुठल्याही आकड्यावर सही केली नाही. मालक येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायचे, आमच्या केमिस्टसारखा प्रामाणिक माणूस मिळणार नाही. मी मान खाली घालायचो. त्यांना तो विनय वाटायचा. लग्न झालं, मुलं झाली. बायको कधी चहात दूध घालताना म्हणायची, "गवळी पाणी घालतोय वाटतं," तर मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो. तिला मी हे सांगितलं नव्हतं.

अशी दहा-बारा वर्षं गेली. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत दोन मोल्डर भांडत होते. दोघंही उचगावचे, विशी-बाविशीतले. कुणाच्या चुकीनं साचा फुटला यावरून चाललं होतं.

"आईची शपत, मी हात बी लावला न्हाय!"

"ठेव तुझी शपत. म्हशीवालीची शपत हाय ती!"

बाकीचे हसले. मी डबा बाजूला ठेवला. "म्हशीवालीची शपथ म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"तसं म्हनत्यात सायेब आमच्यात. खोटी शपत. पूर्वी कोन एक बाई हुती, दुधात पानी घालून देवाची शपत घेटलेली. रेडकू मेलं तिचं."

"आहे अजून ती बाई?"

"काय की. आमी ल्हान हुतो."

त्या पोरांनी काकींना ओळखलंही नसतं. माझं वाक्य त्यांच्या गावात म्हण होऊन बसलं होतं. मी मेलो असतो, काकी गेल्या असत्या, तरी ती म्हण राहिली असती.

रविवारी मी उचगावला गेलो. घर तेच होतं. काकी दारात शेंगा फोडत बसल्या होत्या, डोळ्यांवर जाड भिंग. "कोन पावनं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग म्हणाल्या, "बस."

मी सगळं सांगितलं. थर्मामीटरपासून प्रशिक्षणापर्यंत, आणि रेडकू मेलं त्या दिवशी मी गप्प बसलो तेही. मध्ये त्यांनी एकदाच विचारलं.

"म्हंजी दूध गरम हुतं म्हनून?"

"हो."

"मग मी वाईच दम खाऊन आलो असतो तर?"

"तर काहीच झालं नसतं, काकी."

त्यांनी सूप बाजूला सरकवलं. मग आतल्या भिंतीकडं हात केला. मालकांचा हार घातलेला फोटो होता. "दोन वर्सं झाली त्यास्नी जाऊन," त्या म्हणाल्या. "शेवटाला शुद्ध हुती. मला जवळ बशीवलं नि म्हनलं, आता तर खरं सांग. घाटलंतंस का? मी म्हनलं, न्हाय. त्यांनी त्वांड फिरीवलं." 

मी त्यांच्या पायांकडं वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले. "मला म्हायीत हायच की पानी न्हवतं," त्या म्हणाल्या. "मला कशाला सांगतूस? ज्यास्नी म्हायीत न्हाय त्यास्नी जाऊन सांग. तवा चारचौघांत बोललास, आता माझ्या घरात बसून कानात सांगतूस व्हय?"

त्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या रविवारी पहाटे मी संस्थेत गेलो. आता पक्की इमारत झाली होती. ओळीत ओळखीचे चेहरे थोडे होते. सेक्रेटरी नवे. त्यांना मी एक मिनिट मागितलं तेव्हा ते म्हणाले, "गर्दी हाय सायेब, दूध घेऊन झाल्यावर बोला की." मी म्हणालो, गर्दी आहे तोवरच बोलायचं आहे. मी निरोप धाडला होता म्हणून काकी आल्या होत्या. हातात काही नव्हतं, तरी त्या ओळीच्या कडेला उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर नीट करून.

मी खाली बघत, हळू आवाजात बोलायला लागलो. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ पावनं, मोठ्यानं बोला की! हितवर काय बी ऐकू येत न्हाय."

मग मी मोठ्यानं बोललो. "मी या संस्थेचा जुना टेस्टर. या काकींच्या दुधात पाणी आहे असं मी याच गावात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ते खोटं होतं. दूध चांगलं होतं, तपासणारा वाईट होता. त्यांनी देवळात घेतलेली शपथ खरी होती. माझी चूक मला महिन्याभरात कळली होती आणि मी भिऊन गप्प बसलो, म्हणून त्यांना तुम्ही इतकी वर्षं नावं ठेवलीत. त्यांचे मालक हे न कळता गेले, त्याला मी काही करू शकत नाही. काकी, मी तुमचा गुन्हेगार आहे. तुम्हाला वाटेल तेव्हा, वाटलं तर, मला माफ करा."